अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास

"कॉलेजचा तास म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं," हे वाक्य मी कोमल मालपोटे नावाच्या माझ्या विद्यार्थिनीला सांगितलं होतं. पुढे चारच महिन्यांनी, तीन परक्या माणसांसमोर, मी ते सांगितलंच नाही असं वागलो. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, प्राचार्यांना नाही. आमच्या विभागातल्या नीलिमा मॅडमना ती माहीत आहे, पण तीही मी सांगितली म्हणून नव्हे. मी ते वाक्य बोललो तेव्हा त्या शेजारच्या टेबलावर डबा खात होत्या.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितलं होतं ते वेगळंच. "तुमच्या त्या श्रेयांकांच्या भानगडीतले गमतीदार अनुभव लिहा," असं ते फोनवर म्हणाले. गमतीदार अनुभव आहेत, आणि ते ओघात येतील. पण वरचं वाक्य वाचून कुणालाही वाटेल, यात कबूल करण्यासारखं काय आहे? तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा असला काय आणि साठ मिनिटांचा असला काय. ते कळण्यासाठी आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल.

मी भूगोल शिकवतो. लोणावळा आणि तळेगावच्या मधल्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं झाली. नवीन पद्धत आली तेव्हा प्राचार्यांनी मला श्रेयांक समन्वयक केलं. त्यासोबत एक लोखंडी कपाट, एक पासवर्ड आणि एक शिक्का मिळाला.

पूर्वी पदवी वर्षांवर मोजायचे. तीन वर्षं झाली, पेपर सुटले, की पदवी. आता श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिट्सवर, मोजतात. प्रत्येक विषयाला दोन, तीन, चार असे श्रेयांक असतात, आणि ठरलेली बेरीज भरली की पदवी मिळते. श्रेयांक कशावर ठरतो, तर वेळेवर. वर्गात पंधरा तास शिकवलं की एक श्रेयांक. प्रयोगशाळेत किंवा गावात जाऊन हाताने काम केलं तर एका श्रेयांकाला तीस तास लागतात. शिवाय मूल घरी जाऊन वाचतं, टिपणं काढतं, परीक्षेची तयारी करतं, त्याचेही तास कागदावर धरलेले असतात. विद्यापीठाच्या इंग्रजी पत्रकांचं मराठी करून मुलांना वाटायचं काम माझ्याकडे होतं. त्या घरच्या तासांना मी "मानीव तास" असा शब्द केला. सोसायटीच्या कागदपत्रांत हा शब्द असतो. झालेलं नसतं, पण झालं असं मानायचं. आमच्या मुलांच्या घरच्या वाचनाला याहून चांगला शब्द मला आजही सुचलेला नाही.

पहिल्या वर्षी कोणत्या विषयाला किती श्रेयांक यावरून स्टाफरूममध्ये जी भांडणं झाली, ती मी बांधावरूनही झालेली पाहिलेली नाहीत. ज्याचे श्रेयांक कमी त्याचे तास कमी, आणि ज्याचे तास कमी त्याची जागा धोक्यात. मराठीच्या सरांनी मला सरळ विचारलं, "कविता शिकवायला किती तास धरू?" मी म्हटलं, "पत्रकात तसं काही नाही." ते म्हणाले, "मग लांबीवर धरतो. फूटपट्टी द्या." त्यांनी खरंच माझ्या टेबलावरची फूटपट्टी नेली. ती परत आणून दिली नाही.

आता तासाबद्दल. मराठीत हा शब्द दोन कामं करतो. घड्याळातला तास, आणि गणिताचा तास, पीटीचा तास, ऑफ तास. आमच्या कॉलेजचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा होता. त्याचं कारण लोकल. दुपारच्या वेळी पुणे-लोणावळा लोकल बराच वेळ नसतात. बाराच्या सुमाराची गेली की कान्हे, कामशेत, मळवलीची मुलं फलाटावर बसून राहणार. म्हणून कुणीतरी फार पूर्वी हिशोब केला होता, की सकाळच्या चार तासांत पाच तास बसवायचे. चार तासांची दोनशे चाळीस मिनिटं, भागिले पाच, अठ्ठेचाळीस. मुलांना गाडी मिळायची. वर्षानुवर्षं सोय चांगली चालली, कारण तेव्हा कुणी तास मोजत नव्हतं.

श्रेयांक आले आणि मोजणी सुरू झाली. पंधरा तासांचा एक श्रेयांक, तर ते घड्याळाचे पंधरा हवेत. आमचे पंधरा म्हणजे घड्याळाचे बारा. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "काय करता येईल?" मी दोन वेळापत्रकं केली. एक भिंतीवरचं, अठ्ठेचाळीस मिनिटांचं, ज्यावर कॉलेज चालायचं. एक फायलीतलं, साठ मिनिटांचं, ज्यावर श्रेयांक चालायचे. फायलीतलं वेळापत्रक मी स्वतः टाइप केलं आहे. त्यात शेवटचा तास पाऊण वाजता संपतो. त्या वेळी कॉलेजात मी आणि शिपाई एवढेच असायचो.

फरक आम्हाला कळत नव्हता असं नाही. नीलिमा मॅडम आमच्याकडे तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे कायम नाहीत, जेवढे तास घेतील तेवढ्यांचेच पैसे. सरकारी कागदावर त्याला "घड्याळी तास" म्हणतात. दर महिनाअखेर त्या तक्ता भरायच्या आणि मी तपासून सही करायचो. त्यांनी पाच तास घेतले की तक्त्यात चार लिहायचे. तिथे आमचं कॉलेज घड्याळ बरोबर बघायचं. मॅडम माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, शिकवायला माझ्यापेक्षा चांगल्या, आणि जिभेला धार. तक्ता पुढे सरकवताना एकदा म्हणाल्या, "सर, रोज एक तास मी देवाला सोडते बघा."

शेवटच्या सत्रात मुलांना चार श्रेयांकांचं क्षेत्रकार्य असतं. चार गुणिले तीस, एकशेवीस तास. मुलांनी बाहेर जाऊन काम करायचं, नोंदवहीत लिहायचं, आणि मी तपासून पोर्टलवर भरायचं. मुलांनी काय केलं ते सांगतो. लोणावळ्याच्या एका मुलाने पर्यटनावर काम घेतलं आणि मामाच्या चिक्कीच्या दुकानाचा शिक्का मारून आणला. वीस दिवस, रोज "१० ते ४, सहा तास". वीस सक एकशेवीस. त्याची वही बघून बाकीच्यांनी वह्या लिहिल्या. सगळ्यांचे वीस दिवस, सगळ्यांचे सहा तास, एकाच बाकावर बसून, एकाच निळ्या पेनाने. जेवायला कुणी उठलं नाही, कुणी आजारी पडलं नाही. एकाने तर एकतीस एप्रिललाही काम केलं होतं. मी त्याला बोलावून झापलं, आणि माझ्याच पेनाने एकतिसाचं तीस करून सही केली. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

कोमल टाकवे बुद्रुकच्या पलीकडच्या एका वाडीवरून यायची. सकाळी कुणाच्या तरी दुचाकीवरून कान्ह्यापर्यंत, तिथून लोकल. वर्गात मागे बसायची, फारसं बोलायची नाही, पण नकाशा काढायला दिला की सगळ्यांत शेवटी द्यायची, कारण ती तो खरंच काढायची. तिने क्षेत्रकार्याला विषय घेतला, वाडीच्या आजूबाजूच्या अठरा विहिरींच्या पाण्याची पातळी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दर आठवड्याला मोजायची. तिच्या आजोबांनी, आबांनी, तिला दोरीला फुटाफुटावर गाठी मारून दिल्या होत्या आणि टोकाला एक लोखंडी नट बांधला होता.

काम सुरू करण्याआधी ती स्टाफरूममध्ये आली. मी पेपरांचा गठ्ठा तपासत होतो.

"सर, एकशेवीस तास म्हंजे घड्याळाचे का कॉलेजचे?"

मी मान वर केली नाही. "काम कॉलेजचं आहे ना?"

"व्हय सर."

"मग तासही कॉलेजचा. कॉलेजचा तास म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. लिही आणि मोकळी हो."

नीलिमा मॅडम पोळीचा घास हातात धरून म्हणाल्या, "लिहून घे गं कोमल. आणि खाली सरांची सही घे. उद्या सर म्हणतील मी कुठे म्हणालो."

आम्ही तिघंही हसलो.

कोमलने लिहून घेतलं. सही मागितली नाही, पण नोंदवहीच्या पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, चौकट करून लिहिलं, "१ तास = ४८ मिनिटे". नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहितात तसं. ते मीच शिकवलं होतं. प्रमाण लिहिलेलं नसेल तर तो नकाशा नव्हे, नुसतं चित्र, असं मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगतो.

तिची वही मला वेळेवर मिळाली. प्रत्येक नोंदीला तारीख, विहीर, पाणी किती फुटांवर, आणि वेळ. "७.१० ते ७.५८, एक तास." "७.१० ते ८.४६, दोन तास." एका दिवशी लिहिलं होतं, "दोरी अडकली, काम बंद, तास धरला नाही." बेरीज एकशेवीस. घड्याळाने शहाण्णव. मी शेवटच्या रकान्यातली बेरीज बघितली, पोर्टलवर एकशेवीस भरले आणि वही बाकीच्यांच्या गठ्ठ्यात ठेवली. आतलं एकही पान मी वाचलं नाही.

मे महिन्यात तपासणी समिती आली. विद्यापीठ अशा समित्या पाठवतं, तीन बाहेरचे प्राध्यापक, दोन दिवस. त्याच सुमारास माझी बढतीची फाइल विद्यापीठात होती, आणि तिला लागणारा शेरा याच तिघांच्या हातात होता. हेही इथे लिहिलं पाहिजे. कोमलचंही काही अडलेलं होतं. देहूरोडला एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी तिची निवड झाली होती. लेखी झाली होती, टायपिंग झालं होतं, जूनअखेर पदवीचं गुणपत्रक तेवढं दाखवायचं होतं. तिच्या वाडीतून अशी नोकरी लागलेली पहिली मुलगी. तिने वर्गात पेढे वाटले होते. मला दोन दिले होते.

समिती येणार त्या सकाळी भिंतीवरचं वेळापत्रक शिपायाने काढलं. मीच सांगितलं होतं. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले.

अध्यक्ष हे एक सौम्य, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. त्यांनी क्षेत्रकार्याच्या गठ्ठ्यातून पाच वह्या ओढल्या. चार वह्यांत "१० ते ४, सहा तास". त्यात तपासण्यासारखं काही नव्हतंच. दहा ते चार सहा तास होतात. बेरीज बरोबर, शिक्का आहे, पुढे. पाचवी कोमलची. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि चष्मा पुसला.

"हे काय आहे?" त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. मग दुसरं पान, तिसरं पान. त्यांनी मोबाइल काढून आकडे केले. "ही मुलगी अठ्ठेचाळीस मिनिटांना तास म्हणते. चोवीस तास कमी आहेत." मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "तुमच्याकडे तासिका किती मिनिटांच्या असतात?"

प्राचार्य माझ्याकडे बघत होते.

"साठ, सर. वेळापत्रक फायलीत लावलंय."

"मग हिने हे कुठून आणलं? बोलवा तिला."

कोमल त्या दिवशी ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला आली होती. शिपाई तिला घेऊन आला. तिने सगळ्यांना नमस्कार केला.

"बाळ, हे अठ्ठेचाळीस मिनिटं तुला कुणी सांगितलं?"

ती वहीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मागणी केल्यासारखं नाही. वर्गात उत्तर येत असतं, पण सर स्वतःच सांगणार असं वाटतं, तेव्हा मुलं बघतात तसं. मी बोललो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग तुमचे वर्गातले तास किती मिनिटांचे? आणि त्याच्या पुढे फाइल. कॉलेजची आणि माझी. कॉलेजचं नाव मी नंतर स्वतःला समजावताना पुढे केलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर माझीच फाइल होती.

"मुलीचा गैरसमज झाला असावा," मी म्हणालो.

 कोमलने एकदा मान हलवली.

"व्हय सर," ती अध्यक्षांना म्हणाली. "माझा गैरसमज झाला."

अध्यक्षांनी तिला समजावून सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा असतो. वाईट माणूस नव्हता तो. वहीत वेळा लिहिल्याबद्दल त्यांनी तिचं कौतुकही केलं. मग शेरा लिहिला. तिचे चार श्रेयांक रोखले गेले. बाकीच्या चार वह्या पास झाल्या, त्यातली एक एकतीस एप्रिलची.

दुसऱ्या दिवशी आबा कॉलेजात आले. धोतर, पांढरी टोपी, हातात ती गाठींची दोरी. ती ते पुरावा म्हणून घेऊन आले होते. माझ्या टेबलासमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सायेब, पोरीचं शेरांक का काय ते आडलं म्हन्त्यात."

"श्रेयांक, आबा."

"त्येच. आमच्या येळंला धान्य शेरावर मोजायचं. तुमी पोरं शेरावर मोजता व्हय?"

मी काहीतरी हसलो. म्हटलं, "आबा, तिचे तास कमी भरलेत."

"तास कमी कसं? हिरी तर समद्या मोजल्या. आठरा हिरी. म्या सोताच्या डोळ्यांनी बगितलंय, दर बेस्तरवारी दोरी घिऊन जायची. येक हीर ऱ्हायली आसंल तर सांगा."

"विहीर नाही राहिली. वेळ कमी पडला."

"म्हंजे पोरीनं काम लवकर उरकलं म्हनून आडलं?"

 मी म्हणालो, "नियम आहे, आबा." त्यांनी दोरी गुंडाळली. दारापर्यंत जाऊन परत वळले. "कुनी सांगितलं तिला तसं? पोरगी नाव घेत न्हाई. म्हन्ती, माजंच चुकलं."

"गैरसमज झाला तिचा," मी दुसऱ्यांदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला सोपं गेलं.

त्यानंतर आठ दिवसांनी कोमल आली. नवीन वही घेऊन. "सर, चोवीस तास कमी व्हते ना. भरलेत." मी वही उघडली. त्याच अठरा विहिरी. "६.०० ते ७.००, एक तास." "७.०० ते ८.००, एक तास." चोवीस नोंदी. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात चौकट, "१ तास = ६० मिनिटे". मे महिन्याचं ऊन, निम्म्या विहिरींत दोरी टेकेपर्यंत पाणी नाही, तिथे तिने "कोरडी" लिहून पुरा तास थांबून काढला होता. कोरड्या विहिरीच्या काठावर साठ मिनिटं.

"कोमल, सत्र संपलंय. पोर्टल बंद आहे. ही वही आता धरता येणार नाही."

"मग कदी धरतील?"

"पुढच्या वर्षी परत नाव नोंदवायचं. परत एकशेवीस तास करायचे."

"परत त्याच हिरी?"

मी वही मिटली.

"देहूरोडला तीस तारखेपर्यंत द्यायचंय सर," ती म्हणाली. मला ते माहीत होतं हे तिलाही माहीत होतं. ती वही ठेवून गेली. मी ती पहिल्या वहीबरोबर लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

तीस तारीख गेली. यादीत तिच्या खालचं नाव लागलं.

जुलैत नीलिमा मॅडमनी महिन्याचा तक्ता पुढे सरकवला. पाचाचे चार केलेले. मी सही करत असताना त्या म्हणाल्या, "सर, माझ्या पाच तासांचे चार होतात. त्या पोरीच्या पाचाचेही चार झाले. पाचाचे पाच फक्त तुमचेच राहिले."

मी म्हणालो, "तुम्ही तेव्हा बोलला असता."

"मी तासिका तत्त्वावर आहे सर. माझं कोण ऐकतं, आणि ऐकलं तरी जूनमध्ये मला परत बोलावलं असतं का? तुम्ही कायम आहात." तक्ता ओढून घेत त्या पुढे म्हणाल्या, "विद्यापीठात दुरुस्तीचा अर्ज असतो. मी विचारून आले. समन्वयकाच्या चुकीने विद्यार्थ्याचे श्रेयांक अडले, असं समन्वयकाने लिहून सही केली तर ते मोकळे करतात. त्यांना बाकी काही लागत नाही." अर्जाचा छापील कागद त्यांनी माझ्या पेपरवेटखाली ठेवला. त्यात "दुरुस्तीचे कारण" असा रकाना आहे. तीन ओळींचा. मला एकही ओळ पुरेल.

तो कागदही मी कपाटात ठेवला.

त्या दिवाळीत माझी बढती झाली. दारावर नवीन पाटी लागली. घरी गुलाबजाम झाले. आता आमचं वेळापत्रक खरोखरच साठ मिनिटांचं आहे, आणि कान्ह्याची मुलं शेवटचा तास बुडवून बाराची लोकल पकडतात. त्यांची हजेरी मी मानीव धरतो.

या वर्षी पाऊस लागायच्या आधी मी टाकव्याला एका लग्नाला गेलो होतो. परतताना कान्ह्याच्या रेल्वे फाटकापाशी गाडी थांबवली, तर बाजूला कोमल उभी होती. निळा एप्रन हातावर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. टाकव्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. परत नाव नोंदवलं नाही तिने. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"बरं चाललंय सर. आठ तासाची पाळी. मशिनवर कार्ड लावायचं. दोन मिनिटं उशीर झाला तरी लाल येतं." ती थोडं हसली. "तिथला तास साठचा हाय. पहिल्या दिवशीच विचारून घेतलं."

मी विचारलं, आबा कसे आहेत.

"बरे हायेत. तुमची आटवण काढत व्हते. सर, माझ्या त्या दोन वह्या तुमच्याकडं असतील का? यंदा वरच्या अंगाला बंगल्यांच्या प्लॉटमदी लय बोअर मारल्यात. आबा म्हन्त्यात, हिरी लवकर आटल्या. त्यांना तवाचा आकडा ताडून बघायचाय. पंचायतीत दाखवायचं म्हन्त्यात."

"बघतो," मी म्हणालो. "शोधावं लागेल."

"सापडल्या तर ठेवा सर. मी पाळी नसंल तवा येऊन नेईन, कदीबी."

फाटक उघडलं. ती पलीकडे गेली.

शोधावं लागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं आणि पहिली वही पहिल्यांदा आतून वाचली. एप्रिलच्या मध्यापासून वरच्या अंगाच्या पाच विहिरी आठवड्याला दोन-दोन फूट उतरत होत्या, आणि खालच्या तेरा तेवढ्या नव्हत्या. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं, वरच्या बाजूला नवीन बोअर झालेत, त्यांच्या जागा नकाशात क्रमांक देऊन दाखवल्या आहेत. नकाशा होता. प्रमाण लिहिलेलं होतं. एवढं मोजमाप आमच्या विभागात सव्वीस वर्षांत कुणी केलेलं नाही, मीही नाही. त्याला मी गुण दिले नव्हते, कारण मी ते वाचलंच नव्हतं.

वह्या मी अजून दिलेल्या नाहीत. कारण सांगतो. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ती चौकट आहे, आणि ती वही पंचायतीत चार माणसांच्या हातात गेली की कुणीतरी विचारेल, हे अठ्ठेचाळीस कुणी सांगितलं होतं. म्हणून त्या कपाटात आहेत. किल्ली माझ्या खिशात आहे. कोमल त्यानंतर दोनदा येऊन गेली, एकदा मी तासावर होतो, एकदा मी तासावर आहे असं शिपायाला सांगायला लावलं.

दुरुस्तीच्या अर्जाची मुदत अजून गेलेली नाही. हे इथे छापून आलं म्हणून विद्यापीठ काही करणार नाही. त्यांना तो रकाना भरलेला लागतो, आणि माझ्या पदाचा शिक्का.

मी कोमल मालपोटेला दोन वह्या देणं लागतो. आबांना एका प्रश्नाचं उत्तर देणं लागतो. आणि त्या छापील अर्जावर, तीन ओळींच्या रकान्यात, एक ओळ आणि खाली माझी सही: तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा, असं तिला मी सांगितलं होतं.